लाइनीची वही आणि ताऱ्याचं ग्रहण : क्ष-किरण जोडताऱ्याचा आवर्तकाळ घरी कसा काढायचा

आमच्या शेताच्या धुऱ्याला धुरा लागून असलेल्या भाऊंनी एका रब्बीत एक वही धरली होती. पोरीची जुनी, गणिताची, चौकटीची. रोज एकच नोंद: पंपाची थ्री फेज लाइन किती वाजता आली आणि किती वाजता गेली. मधले काही दिवस कोरे. कुणाचं लग्न होतं, एकदा पेनच सापडला नव्हता. गव्हाला पाणी द्यायला रात्री जागायचं की दिवसा जायचं, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. मी ती वही चाळली आणि म्हटलं, याच रीतीने माझी पोरं जोडीने एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा फेरा किती दिवसांचा ते काढतात. भाऊ हसले. ‘‘मास्तर, आपल्या इथं लाइन कवा येते थे कयत नाई, अन् तुमी ताऱ्याचं टाइमटेबल काहाडून रायले!’’

मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. गेली काही वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत चार-पाच पोरं घेऊन हा उद्योग करतो. दुर्बीण लागत नाही. लागतो एक जुना लॅपटॉप, मोबाइलचं नेट आणि धीर. ज्यांनी हे कधीच केलं नाही, त्यांच्यासाठी इथे सगळं क्रमाने लिहितो आहे. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचं पोरगं किंवा हौशी शिक्षक, दोघांनाही जमेल.

पायरी पहिली : आधी वहीची घडी घाला

लॅपटॉप उघडू नका. दोन महिन्यांची कुठलीही रोजची नोंद घ्या. लाइनीची असेल तर उत्तमच, नसेल तर आठवडी बाजाराच्या रस्त्यावर सकाळी किती ऑटो गेले, तेही चालेल. कागदाच्या लांब पट्टीवर एका दिवसाला एक घर अशी नोंद उतरवा. आता पट्टी सात-सात घरांवर कापा आणि तुकडे एकाखाली एक चिकटवा. बाजाराचा वार असेल त्या उभ्या रांगेत सगळे मोठे आकडे एकाखाली एक येतील. काही घरं कोरी असली तरी बिघडत नाही, रांग दिसतेच.

आता तीच पट्टी सहा-सहा घरांवर कापून पाहा. बाजाराचा दिवस तिरका सरकत जातो आणि बेरीज केली की सगळ्या रांगा सारख्याच येतात, काहीच उठून दिसत नाही. या लेखातलं सगळं गणित यात आलं. बरोबर काळावर घडी घातली की आकार उभा राहतो, चुकीच्या काळावर घातली की पुसला जातो. इंग्रजी पुस्तकांतही या रीतीला घडी घालणंच म्हणतात. माझा आग्रह असा की पहिली घडी प्रत्येकाने हाताने घालावी. थेट संगणकाकडे गेलेली पोरं पुढे संगणकाच्या प्रत्येक उत्तराला मान डोलवतात.

पायरी दुसरी : तिथे घडतं काय, ते समजून घ्या

सूर्याच्या वीस-तीस पट वजनाचे तारे फार तापट असतात. त्यांच्या पृष्ठभागावरून वायूचा वारा सतत सुटतो, आणि त्याचा वेग सेकंदाला काहीशे ते दोन-तीन हजार किलोमीटर असतो. असा तारा एकटा क्वचितच सापडतो, बहुतेकांना जोडीदार असतो. त्या जोडीदारावरून दोन प्रकार पडतात.

पहिल्या प्रकारात जोडीदार मेलेला असतो, म्हणजे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर. न्यूट्रॉन ताऱ्याचा व्यास वीस-पंचवीस किलोमीटर, एखाद्या जिल्हा परिषद सर्कलात मावेल एवढा, पण वजन सूर्यापेक्षा जास्त. मोठ्या ताऱ्याच्या वाऱ्यातला थोडा वायू त्याच्यावर कोसळतो, आणि कोसळताना प्रकाशाच्या जवळपास निम्म्या वेगापर्यंत जातो. आदळल्यावर जी उष्णता निघते ती क्ष-किरणांच्या रूपात बाहेर पडते. दुसऱ्या प्रकारात दोघंही जिवंत आणि दोघांनाही वारा. समोरासमोरून आलेले वारे मध्ये आदळतात, तिथला वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि तिथून क्ष-किरण येतात.

ठरावीक दिवसांनी हे क्ष-किरण कमी-जास्त का होतात? मला ठाऊक असलेली मुख्य कारणं तीन. एक, ग्रहण: न्यूट्रॉन तारा मोठ्या ताऱ्याच्या मागे गेला की उजेड जवळजवळ बंद. दोन, लांबट कक्षा: दोघं जवळ आले की वारा दाट मिळतो, उजेड वाढतो, लांब गेले की उतरतो. तीन, आडोसा: न्यूट्रॉन तारा मागे गेलेला नसतो, पण आपल्या आणि त्याच्या मध्ये दाट वाऱ्याचा पट्टा येतो, आणि धुक्यातल्या ट्रॅक्टरच्या दिव्यासारखा तो मंद होतो. या तिघांतलं कुठलं कारण आहे ते आकारावरून ओळखायचं असतं. खरी मजा तिथेच आहे, तिकडे पुढे येतो.

हे किरण जमिनीवर पोहोचत नाहीत, हवा ते गिळून टाकते. म्हणून मोजणारा वरच लागतो. १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळून उडालेल्या ‘उहुरू’ या उपग्रहाने सेंटॉरस एक्स-३ हा स्रोत पाहिला. त्याच्या क्ष-किरणांचे ठोके, म्हणजे ठरावीक लयीतले चमकारे, ४.८ सेकंदांनी पडत होते, आणि दर २.०९ दिवसांनी तो अर्धा दिवस गडप होत होता. जोडीदाराच्या मागे लपणारा न्यूट्रॉन तारा असा पहिल्यांदा हाती लागला. उहुरू हा स्वाहिली शब्द, अर्थ स्वातंत्र्य. त्या दिवशी केनियाच्या स्वातंत्र्याला सात वर्षं पूर्ण होत होती. आपला ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्याचा डेटाही पुढे वापरता येतो, पण पहिल्या सुट्टीत नको, तो जड आहे.

पायरी तिसरी : तारा निवडा, आणि मोह टाळा

प्रत्येक बॅचमध्ये एक तरी पोरगा म्हणतो, ‘‘सर, एटा कॅरिनी घेऊ.’’ व्हिडिओ पाहिलेला असतो. तारा आहेच तसा: १८४० च्या दशकात भडकला, १८४३ च्या सुमारास व्याधाच्या खालोखाल आभाळात तेजस्वी झाला आणि मग विझत गेला. आत दोन राक्षसी तारे, मोठा सूर्याच्या शंभरेक पट. पण त्याचा फेरा २०२२.७ दिवसांचा, म्हणजे साडेपाच वर्षांहून थोडा जास्त. घडी घालायला निदान तीन-चार फेरे हवेत. तेवढ्यात पोरगं एमएस्सी होऊन नोकरीला लागेल.

सुरुवात वेला एक्स-१ पासून करा. फेरा जवळपास नऊ दिवसांचा, ग्रहण पावणेदोन-दोन दिवसांचं, आणि क्ष-किरणांत तो चांगलाच ठळक. सूर्याच्या वीसेक पट वजनाचा निळा महाराक्षसी तारा आणि त्याच्या अगदी अंगाशी फिरणारा न्यूट्रॉन तारा. हे अंतर इतकं कमी आहे की मोठ्या ताऱ्याच्या पृष्ठभागापासून न्यूट्रॉन तारा त्या मोठ्या ताऱ्याच्याच त्रिज्येच्या पाऊणपट उंचीवर असतो. गच्चीवरून फिरावं तसा तो फिरतो. त्याचा स्वतःचा ठोका २८३ सेकंदांचा, पण तो आपल्या डेटात दिसणार नाही, आपण दिवसाला एक आकडा घेणार आहोत.

पायरी चौथी : डेटा उतरवा

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जपानचं ‘मॅक्सी’ नावाचं यंत्र आहे. स्थानक दीडेक तासात पृथ्वीला एक फेरी मारतं, आणि त्याबरोबर मॅक्सीची नजर जवळजवळ सगळ्या आभाळावरून फिरते. २००९ च्या ऑगस्टपासून हे चालू आहे. जपानच्या रिकेन संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक ताऱ्याची फाइल फुकट मिळते, ना नोंदणी ना पासवर्ड. यादीत वेला एक्स-१ शोधा आणि दिवसाला एक आकडा असलेली फाइल घ्या. ती साध्या मजकुराची असते, व्हॉट्सॲपवरच्या एखाद्या फोटोएवढी, त्यामुळे गावातल्या एका कांडीच्या नेटवरही उतरते. लाइन गेलेली असेल तर मोबाइलवर उतरवा आणि नंतर लॅपटॉपवर घ्या.

फाइलमध्ये नऊ उभ्या रांगा दिसतील. पहिली दिवसाची. बाकीच्या जोडीने येतात: आधी उजेडाचा आकडा, लगेच पुढे त्याची संभाव्य चूक. पहिली जोडी सगळ्या ऊर्जेची मिळून, म्हणजे २ ते २० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. मग २ ते ४, ४ ते १० आणि १० ते २० अशा तीन जोड्या. २ ते ४ म्हणजे मऊ किरण, १० ते २० म्हणजे कडक.

दिवसाची रांग पाहून पोरं बिचकतात. तिथे तारीख नसते, ५५१००.५ असा आकडा असतो. खगोलवाले महिने-वर्षं वापरत नाहीत, दिवस सरळ मोजत जातात. ५५०५८ म्हणजे १५ ऑगस्ट २००९, ५८००० म्हणजे ४ सप्टेंबर २०१७. शेवटचा .५ म्हणजे त्या दिवसाचा मध्य. लीप वर्ष, तीस-एकतीस असली भानगड नाही, एकातून दुसरा वजा केला की मधले दिवस मिळाले.

इथे माझी पहिल्या वर्षीची फजिती सांगतो. फाइल स्प्रेडशीटमध्ये ओढली आणि शीटने शहाणपण करून या आकड्यांच्या तारखा करून टाकल्या. सगळा डेटा २०५० च्या पुढचा! शीट तिच्या सवयीने १९०० पासून दिवस मोजत होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या, सर भविष्य सांगतात म्हणून. तेव्हा ती रांग आधी ‘संख्या’ म्हणून ठरवा, तारीख म्हणून नाही.

पायरी पाचवी : निवडून घ्या

तुरीच्या डाळीत खडा राहतो तसा डेटात राहतो. काही दिवस स्थानकाची नजर नीट पडलेली नसते, सूर्य जवळ असतो, किंवा वेळच कमी मिळालेला असतो. त्या दिवसाच्या आकड्याशेजारची चूक मोठी दिसते. पहिल्यांदा मी हे काढलं नव्हतं, आणि एका वेड्या आकड्याने आलेख असा ताणला की बाकीचे हजारो ठिपके तळाशी एका रेघेत चिकटले. आम्ही तासभर त्या रेघेकडे पाहत बसलो होतो.

करायचं एवढंच: सगळ्या चुकांचा मधला आकडा काढा आणि त्याच्या तिप्पट-चौपट चूक असलेल्या ओळी वगळा. पण उजेड कमी म्हणून ओळ काढू नका. ग्रहणाच्या दिवसांत आकडा शून्याजवळ येणारच, कधी किंचित ऋणही येईल, कारण पार्श्वभूमी वजा केलेली असते. शून्याखालचे आकडे चुकीचे समजून पुसणारा विद्यार्थी ग्रहणच पुसून टाकतो. दर वर्षी एक तरी पुसतोच.

पायरी सहावी : नुसतं पाहा

सगळी वर्षं एकदम काढू नका, काळा गठ्ठा दिसेल. साठ-सत्तर दिवस घ्या आणि आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर उजेड मांडा. वेला एक्स-१ फार लहरी आहे, एखाद्या दिवशी दुप्पट-तिप्पट उसळतो, कारण वारा गुठळ्यागुठळ्यांनी येतो. तरी पेन्सिल घेऊन तळाला टेकलेले ठिपके गोल करा. दोन गोलांमधले दिवस मोजा. नऊ, नऊ, आठ, नऊ, नऊ असं काहीसं येईल. दिवसाला एकच ठिपका असल्यामुळे मध्येच आठ येतो. तुमच्या हाताने काढलेला पहिला अंदाज हा. तो वहीत लिहून ठेवा, पुढे संगणक काही भलतं बोलला तर साक्षीला हाच कामी येतो.

पायरी सातवी : ताऱ्याची घडी

पट्टीचे तुकडे कापायचे तेच काम आता वजाबाकी-भागाकाराने करायचं. सुरुवातीचा एक दिवस ठरवा, ५५०५८.० चालेल. प्रत्येक ओळीच्या दिवसातून तो वजा करा, आवर्तकाळाने, म्हणजे एका फेऱ्याला लागणाऱ्या दिवसांनी भागा, आणि भागाकारातला पूर्णांक टाकून फक्त अपूर्णांक ठेवा. या अपूर्णांकाला कला म्हणायचं, चंद्राच्या कलेसारखं. ० पासून सुरू होऊन १ जवळ आला की एक फेरा पुरा.

एक ओळ हाताने करून दाखवतो. आवर्तकाळ ८.९६४४ दिवस धरू. दिवस ५५१००.५. वजाबाकी ४२.५. भागाकार ४.७४१. चार फेरे होऊन गेले, कला ०.७४१. आता आठ वर्षांनंतरचा ५८०००.५ घ्या. वजाबाकी २९४२.५, भागाकार ३२८.२४३, कला ०.२४३. म्हणजे मध्ये तीनशेहून जास्त फेरे झाले तरी दोन्ही दिवस एकाच पट्टीवर आपापल्या घरात जाऊन बसले. स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र एकदा लिहून खाली ओढलं की पाचएक हजार ओळींचं काम होतं.

मग ० ते १ चे वीस सारखे कप्पे पाडा, प्रत्येक कप्प्यातल्या उजेडाची सरासरी काढा आणि वीस ठिपके मांडा. काळ बरोबर असेल तर तीन-चार कप्पे खड्ड्यात गेलेले दिसतील. ते ग्रहण. रोजच्या उसळ्या हजारो दिवसांच्या सरासरीत विरून जातात आणि ग्रहण तेवढं उरतं. पोरांना हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा खोलीत जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी सुट्टी खर्च करतो.

आता मुद्दाम बिघडवा. ८.९६४४ च्या जागी नुसतं ८.९६ टाका. फरक किती? एका फेऱ्याला ०.००४४ दिवस, सहा-सात मिनिटं. पण पंधरा वर्षांत सहाशेहून जास्त फेरे होतात आणि ती मिनिटं साठून पावणेतीन दिवस होतात. जवळजवळ दोन दिवसांचं ग्रहण तेवढं सरकलं की खड्डा पसरट आणि उथळ होणारच. आणि सरळ ९ टाकलंत तर एका वर्षातच दीड दिवस सरकतं, पंधरा वर्षांच्या डेटात काहीच उरत नाही. जितकी वर्षं जास्त, तितका काळ जास्त बारीक कळतो, पण तितकाच तो आधी नीट माहीतही असावा लागतो. दहावीच्या पोरालाही हे पटतं, फक्त ते सांगून नाही, बिघडवून दाखवावं लागतं.

पायरी आठवी : काळ माहीत नसेल तर

८.९६४४ मी तुम्हाला सांगितला. तो न सांगता काढायचा तर ८ पासून १० दिवसांपर्यंत ०.००२ च्या टप्प्याने हजार काळ घ्या, प्रत्येकावर घडी घाला आणि कुठल्या घडीत वीस कप्प्यांचा चढउतार सगळ्यात जास्त ते पाहा. चढउताराचा आलेख काढला की बरोबर काळावर शिखर उभं राहतं. स्प्रेडशीटला हे झेपत नाही, इथे पायथॉन ही संगणकाची भाषा लागते. त्यात ‘ॲस्ट्रोपाय’ नावाचं मोफत लायब्ररीचं गाठोडं आहे आणि त्यातच लॉम्ब-स्कार्गल ही रीत तयार मिळते. लॉम्बने १९७६ मध्ये आणि स्कार्गलने १९८२ मध्ये ती मांडली. तिची खुबी अशी की दिवस मध्ये गाळलेले असले तरी ती अडत नाही. भाऊंच्या वहीसाठी जणू बेतलेली. टप्पा मात्र ०.०१ हून मोठा ठेवू नका. पंधरा वर्षांच्या डेटात खरं शिखर ०.०१५ दिवसांच्या आसपास रुंदीचं असतं, टप्पा मोठा पडला तर दोन टप्प्यांच्या मधून निसटतं.

शिखर दिसलं की लगेच नाचू नका. तीन ठिकाणी फसगत होते. ३६५ दिवसांच्या आसपास शिखर आलं तर ते बहुतेक वेळा सूर्याचं असतं, ताऱ्याचं नसतं. वर्षातून ठरावीक दिवसांत सूर्य आड येतो आणि डेटा बिघडतो. ७० दिवसांच्या आसपास आलं तर स्थानकाकडे बोट करा, कारण त्याच्या कक्षेचं प्रतल साधारण तेवढ्या दिवसांत एक गिरकी घेतं. आणि खऱ्या काळाच्या निम्म्यावर किंवा एकतृतीयांशावर आलं तर ते त्याचंच पिल्लू असतं. ग्रहणासारखा तीव्र कडांचा आकार एका गुळगुळीत लाटेत बसत नाही, म्हणून अशी पिल्लं होतातच. एका सुट्टीत मीच घाईने फळ्यावर ४.४८ लिहिलं. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘‘सर, मग एक सोडून एक वेळेसच का खाली जातो?’’ तिच्या वहीत हाताने केलेले गोल होते: नऊ, नऊ, आठ, नऊ. फळा पुसला.

पायरी नववी : आकार वाचा

बहुतेक सांगणारे काळ निघाला की थांबतात. माझ्या मते खरी गोडी इथून पुढे आहे. त्याच काळावर मऊ किरणांची एक घडी घाला आणि कडक किरणांची दुसरी. मग प्रत्येक कप्प्यात कडक भागिले मऊ काढा.

ग्रहणात दोन्ही एकदम पडतात, कारण ताऱ्याचा गोळा काहीच सोडत नाही. पण आडोसा वाऱ्याचा असेल तर मऊ किरण आधी अडकतात आणि कडक बऱ्यापैकी पार होतात, म्हणून गुणोत्तर चढतं. वेला एक्स-१ मध्ये ग्रहणाच्या मधल्या क्षणाला कला शून्य धरलं तर फेऱ्याच्या दुसऱ्या अर्ध्यात हे गुणोत्तर वाढलेलं दिसतं. न्यूट्रॉन तारा वाऱ्यातून जाताना त्याच्यामागे दाट वायूचा लोळ राहतो, नांगरटीला निघालेल्या ट्रॅक्टरमागे धुळीचा राहतो तसा, आणि फेऱ्याच्या त्या भागात आपण त्याच्याकडे त्या लोळातून पाहत असतो. ग्रहणाच्या खड्ड्यात मात्र गुणोत्तर काढण्याच्या फंदात पडू नका. शून्याला शून्याने भागलं की हवं ते उत्तर येतं.

पुढचे तारे

वेला जमला की सेंटॉरस एक्स-३ घ्या. त्याचा फेरा २.०९ दिवसांचा, त्यामुळे दिवसाला एक आकडा पुरणार नाही, स्थानकाच्या प्रत्येक फेरीची वेगळी फाइल मिळते ती घ्या. त्यानंतर जीएक्स ३०१-२. इथे न्यूट्रॉन ताऱ्याचा फेरा ४१.५ दिवसांचा आणि कक्षा लांबट. घडी घातली की खड्ड्याऐवजी डोंगर दिसतो, दोघं सगळ्यात जवळ येण्याच्या दीडेक दिवस आधी. आधी का, नेमक्या वेळी का नाही, यावर आमच्याकडे एकदा दुपारभर वाद झाला होता. वाऱ्याच्या जोडीला मोठ्या ताऱ्यापासून वायूची एक दाट धार सुटलेली असावी आणि न्यूट्रॉन तारा तिला ओलांडत असावा, हे त्याचं एक चांगलं स्पष्टीकरण आहे. हंसातला सिग्नस एक्स-१ कृष्णविवराचा, सूर्याच्या एकवीस पट वजनाचा. फेरा ५.६ दिवसांचा, पण ग्रहण नाही, फक्त वाऱ्याचा हलका आडोसा. तो नवख्यांना निराश करतो, शेवटी ठेवा.

आणि एटा कॅरिनी हवाच असेल तर त्याची घडी घालू नका, त्याची वाट पाहा. त्यात दोन वाऱ्यांची टक्कर आहे: मोठ्याचा वारा सेकंदाला चारशेहून थोडा जास्त किलोमीटर, पण दाट, छोट्याचा तीन हजारांचा, पण विरळ. कक्षा फार लांबट. दोघं जवळ येतात तसा क्ष-किरणांचा उजेड महिनोन्महिने चढत जातो आणि ऐन जवळ आले की अचानक कोसळतो. असं १९९७ च्या अखेरीस झालं, मग २००३, २००९, २०१४ आणि फेब्रुवारी २०२० मध्ये. २००३ मध्ये तो तीनेक महिने खाली राहिला, पण २००९ मध्ये महिनाभर लवकर वर आला. फेरा घड्याळासारखा, पण वर येणं दर वेळी वेगळं. २०२० मध्ये २०२२.७ दिवस मिळवले की ऑगस्ट २०२५ ची अखेर येते, आणखी एकदा मिळवले की मार्च २०३१. आज अकरावीत असलेल्या पोराने ती तारीख आत्ताच वहीत लिहून ठेवावी.

जाता जाता : तो तारा बघायचा कुठे

क्ष-किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण ज्याच्या वाऱ्यावर सगळं चालतं तो मोठा तारा दिसतो. फेब्रुवारीत रात्रपाळीची लाइन असली आणि गव्हाला पाणी द्यायला बारा-एकला शेतात असाल, तर दक्षिणेकडे तोंड करा. अगस्ती पश्चिमेकडे उतरत असेल. दक्षिणेला क्षितिजापासून साधारण एक वीत आणि वर थोडं, हात लांब करून मोजलं तर, लॅम्डा वेलोरम नावाचा नारिंगी तारा आहे. त्याच्या वर दोन बोटांच्या अंतरावर वेला एक्स-१ चा निळा तारा आहे, सातव्या प्रतीच्या आसपासचा. नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, दोन डोळ्यांच्या दुर्बिणीतून ठिपका दिसेल. तिथून खाली आणि उजवीकडे गॅमा वेलोरम, हा मात्र चांगला ठळक. तोही असाच वारे लढवणारा जोडतारा, ७८.५ दिवसांच्या फेऱ्याचा. एटा कॅरिनीसाठी दोनपर्यंत थांबावं लागेल, आणि तो आपल्या विदर्भातून क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर येतो. दक्षिणेला झाडं नसलेला धुरा निवडा. टॉर्च जवळ ठेवा आणि बांधावर बसण्यापूर्वी खाली नीट पाहून घ्या.

गेल्या फेब्रुवारीत मी दुर्बीण भाऊंच्या हाती दिली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग विचारलं, ‘‘आता थो दुसरा मांगं हाये का समोर?’’ मी मोबाइलवर त्या दिवसाचा आकडा पाहिला, वजा केला, भागला. कला ०.९७ आली. ग्रहणाचा मध्य आम्ही शून्यावर धरलेला होता. ‘‘मागं आहे,’’ मी म्हटलं, ‘‘उद्या संध्याकाळनंतर बाहेर येईल.’’ भाऊंनी दुर्बीण परत दिली, फावडं उचललं आणि पुढच्या वाफ्याचं पाणी मोडायला गेले.